घटक ४ : ध्येय, लक्ष्य आणि उद्दिष्ट : दादासाहेब फाळके यांचा नाशिकचा कारखाना

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• दादासाहेब फाळके यांच्या जीवनाचा, विशेषतः त्यांच्या नाशिक येथील कार्याचा परिचय करून देता येईल.
• ‘ध्येय’, ‘लक्ष्य’ आणि ‘उद्दिष्ट’ या तीन शब्दांतील अर्थच्छटा उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
• एका माणसाचे ध्येय अनेकांचे काम कसे बनते आणि ते तसे बनणे कोठे थांबते, याचे विवेचन करता येईल.
• चरित्रलेखनात यश आणि अपयश यांचा समतोल कसा राखावा, हे सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, या पुस्तिकेतील प्रत्येक घटक ‘उद्दिष्टे’ या शीर्षकाने सुरू होतो, हे तुमच्या लक्षात आले असेल. बहुतेक विद्यार्थी तो भाग न वाचताच पुढे जातात. संपर्क सत्रांत मी कधी कधी विद्यार्थ्यांना विचारतो, की तुमचे ध्येय काय? उत्तरे चटकन येतात. कोणाला पदवी मिळवायची असते, कोणाला स्वतःचे दुकान काढायचे असते, कोणाला बचत गटाचा व्यवसाय तालुक्याबाहेर न्यायचा असतो. मग मी विचारतो, की येत्या महिन्याचे लक्ष्य काय? येथे उत्तरे थोडी रेंगाळतात. आणि तुमच्याबरोबर काम करणाऱ्या माणसांना हे सारे ठाऊक आहे काय, असे विचारले की वर्ग शांत होतो.

आपण हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांची व्युत्पत्ती पाहिली, तर तीन निराळ्या क्रिया दिसतात. ‘ध्येय’ हा शब्द ‘ध्यै’ या धातूपासून आला आहे. ज्याचे ध्यान करावे ते ध्येय. ते मनात असते. ‘लक्ष्य’ म्हणजे ज्यावर नजर स्थिर करावी, नेम धरावा असे. ते समोर असते आणि त्याचे अंतर मोजता येते. ‘उद्दिष्ट’ हा शब्द ‘उद् + दिश्’ या धातूपासून बनला आहे. दिश् म्हणजे दाखवणे. जे दाखवून दिले गेले आहे ते उद्दिष्ट. दाखवायचे म्हटले, की पाहणारा दुसरा माणूस आलाच. म्हणजे ध्येय एकट्याचे असू शकते. उद्दिष्टाला मात्र किमान दोघे लागतात.

हा भेद एका चरित्राच्या आधारे समजून घ्यावा, असा या घटकाचा हेतू आहे. चरित्र नाशिक जिल्ह्यातीलच आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक उभे आहे, त्या दादासाहेब फाळके यांचे. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. येथे आपण त्यांच्याकडे आणखी एका नात्याने पाहणार आहोत : ज्या धंद्याला देशात नाव नव्हते, बाजार नव्हता आणि एकही शिकलेला कामगार नव्हता, असा धंदा उभारणारा माणूस या नात्याने.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ जडणघडण

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे व्युत्पन्न शास्त्री होते. घरात पूजाअर्चा, पुराणे आणि कीर्तन यांचे वातावरण होते. पुढे पडद्यावर ज्या कथा त्यांनी आणल्या, त्या त्यांना ग्रंथांत शोधाव्या लागल्या नाहीत. त्या त्यांनी लहानपणी ऐकल्या होत्या. वडिलांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराज सर जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम, वास्तुकला अशा अनेक विद्यांचा अभ्यास केला. जादूचे प्रयोगही ते शिकले.

यानंतरची सुमारे वीस वर्षे वरवर पाहता भरकटलेली वाटतात. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यात त्यांनी आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात ती सरकारी नोकरी सोडून ते मुद्रणव्यवसायात आले. राजा रविवर्मा यांच्या शिळामुद्रणालयासाठी त्यांनी काम केले, स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रे व तंत्र आणण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीचा प्रवास केला. छापखान्याचे नाव झाले. परंतु कारभारावरून भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके स्वतः वाढवलेल्या त्या धंद्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडले.

हा तपशील ध्यानात ठेवा. भागीदारांशी न जुळणे ही गोष्ट या चरित्रात पुन्हा येणार आहे.

४.२.२ ध्येय : गिरगावातील एक संध्याकाळ

वयाची चाळिशी उलटलेली, धंदा हातचा गेलेला, पदरी संसार. अशा अवस्थेत १९१०-११ च्या सुमारास फाळके यांनी गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूतील चित्रपटगृहात ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताची दृश्ये सरकत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या यांची चित्रे उभी राहत होती. आपल्या देवतांना आपल्या माणसांनी घडवलेल्या चित्रांत आपण केव्हा पाहू, हा प्रश्न त्यांनी घरी आणला तो कायमचाच. लगेच दुसऱ्यांदा तोच चित्रपट पाहायला ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले.

हे झाले ध्येय. ते भव्य होते, आणि त्यात व्यवहाराचा लवलेश नव्हता असे मानू नका. छपाईच्या धंद्यात देवादिकांची चित्रे घरोघरी कशी जातात, हे फाळके यांनी जवळून पाहिले होते. ग्राहक कोण आणि त्याला काय हवे आहे, याचे उत्तर त्यांच्याजवळ होते. माल तयार कसा करायचा, हे मात्र त्यांना अजिबात ठाऊक नव्हते.

पुढील अनेक महिने त्यांनी मिळेल तो चित्रपट पाहिला, मिळेल ते पुस्तक वाचले, स्वस्तातले उपकरण घेऊन घरी प्रयोग केले. डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. ओळखदेख काही नव्हती. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन त्यांनी संपादक कॅबर्न यांची भेट घेतली. कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्याच्या अवघडपणाची कल्पना दिली. तरीही फाळके यांचा निश्चय पाहून चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. तेथे फाळके यांनी निर्मितीची सर्व अंगे पाहून घेतली. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र, धुलाई व छपाईचे साहित्य यांची मागणी नोंदवून एप्रिल १९१२ च्या आरंभी ते मुंबईस परतले.

४.२.३ लक्ष्य : वाटाण्याचे रोप

आता ध्येय आणि लक्ष्य यांतील फरक पाहू. रामकृष्णांचे चित्रपट काढायचे, हे सांगून कोणी भांडवल दिले नसते. फाळके यांनी एक लहान काम हाती घेतले. एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर एका जागी ठेवला आणि ठरावीक अंतराने थोडे थोडे चित्रण करीत सुमारे महिनाभर त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ती क्षणांत घडताना दिसे : अंकुर फुटे, रोप वर येई, वेल पसरे. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही चित्रफीत ओळखली जाते. ती निवडक लोकांना दाखवल्यावर कर्ज देणारे पुढे आले. तेवढ्यानेही भागले नाही, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

या लहानशा चित्रफितीचे महत्त्व नीट समजून घ्या. तिच्यासाठी नट लागला नाही, पोशाख लागले नाहीत, कर्जही लागले नाही. तरीही मोठ्या कामातील सर्व तांत्रिक पायऱ्या तिच्यात होत्या : फिल्मला छिद्रे पाडणे, चित्रण, धुलाई, छपाई आणि प्रक्षेपण. एखादी पायरी चुकत असती, तर ती येथेच उघड झाली असती. ध्येय जितके दूरचे, तितके पहिले लक्ष्य जवळचे आणि पडताळता येणारे असावे लागते, हे यावरून कळते.

त्यानंतर ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे काम सुरू झाले. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. म्हणजे संपूर्ण चित्रपटात सुमारे ५९ हजार चौकटी झाल्या. प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रे लागतात. म्हणजे एकाच प्रतीसाठी पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रे. कोरी फिल्म छिद्रांविना येई आणि छिद्रे पाडण्याचे काम अंधारात करावे लागे. पडद्यावर सत्यवचनी राजाची कथा दिसते. तिच्याखाली ही लाखो छिद्रांची रास आहे. ध्येयाचे रूपांतर रोजच्या कामात होते, ते असे. पुढे सुरत येथे प्रेक्षक कमी आले, तेव्हा फाळके यांनी तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहायला मिळतील अशी जाहिरात केली आणि गर्दी लोटली, अशी हकीकत सांगितली जाते. आपल्या कामाचा आकडा त्या माणसाला तोंडपाठ होता.

४.२.४ उद्दिष्ट : माणसे कशी जमली

यंत्रे विकत मिळाली, माणसे मिळेनात. चित्रपटात काम करणे हा व्यवसाय आहे, हेच कोणाला ठाऊक नव्हते. वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या, तरी कुलीन म्हणवणाऱ्या घरांतील स्त्रिया राहोत, ज्यांना समाजाने आधीच बाहेर ठेवले होते अशा स्त्रियाही यायला तयार होईनात. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा नाजूक बांध्याचा तरुण फाळके यांनी हेरला आणि दहा रुपये पगाराऐवजी पंधरा रुपये देऊ करून त्याला तारामतीची भूमिका दिली. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केली आणि रोहिदासाची फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने.

दादरच्या बंगल्यात सारे एकत्र राहत. दिवसा सूर्यप्रकाशात चित्रण, रात्री स्वयंपाकघरातील अंधारात फिल्मची धुलाई. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचे जेवणखाण पाहत, फिल्मला छिद्रे पाडत, धुलाईच्या रसायनांचे मिश्रण करत, आणि चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, जेणेकरून परावर्तित प्रकाश नटांच्या चेहऱ्यावर पडावा. आजच्या भाषेत सांगायचे तर तंत्रज्ञ, प्रयोगशाळा-साहाय्यक, भांडारप्रमुख आणि भांडवलदार अशी चार पदे त्यांच्याकडे होती. श्रेयनामावलीत मात्र त्यांचे नाव आले नाही. चरित्र वाचताना अशा अनुल्लेखांकडे लक्ष देण्याची सवय तुम्ही लावून घ्यावी.

चित्रपटात काम करतो असे सांगण्याची नटांना लाज वाटे. म्हणून, हरिश्चंद्र नावाच्या गृहस्थांच्या कारखान्यात नोकरी आहे असे सांगा, असा तोडगा फाळके यांनी काढला, असे म्हणतात. ही युक्ती विनोदी वाटते, पण ‘कारखाना’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. नाटकाच्या ‘मंडळी’ असत. तेथे नट, त्याचा गळा, त्याची लहर यांना मान होता. कारखान्यात वेळ असते, कामाचे वाटप असते आणि माल बाहेर पडतो. फाळके यांनी एका शब्दाने आपल्या माणसांना समाजापुढे उभे राहण्याची जागा दिली आणि ते कोणत्या शिस्तीत काम करत आहेत हेही सांगितले. दाखवून दिलेले ते उद्दिष्ट, असे आपण वर म्हटले, त्याचे हे उदाहरण आहे.

सुमारे सात महिन्यांत चित्रपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात सर्वांसाठी तो दाखवला गेला. त्याला उत्तम यश मिळाले.

४.२.५ नाशिक

पहिल्या यशानंतर अनेकजण मुंबईत मोठी जागा घेतात. फाळके यांनी त्याच वर्षी आपला सारा पसारा नाशिकला हलवला. गोदावरीचे घाट, मंदिरे, लेणी, त्र्यंबकचे डोंगर, मोकळी जागा आणि स्वच्छ ऊन. पौराणिक कथेला लागणारी पार्श्वभूमी येथे उभारावी लागत नव्हती, ती होतीच. ‘मोहिनी भस्मासुर’ हा चित्रपट १९१३ मध्येच आला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या. पहिल्या चित्रपटाच्या वेळी जे साध्य झाले नव्हते, ते दुसऱ्या वेळी झाले. १९१४ मध्ये ‘सत्यवान सावित्री’ आला. त्याच वर्षी हे तिन्ही चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथे तंत्राची प्रशंसा झाली. तेथेच राहून चित्रपट काढण्याविषयी प्रस्तावही आले. परंतु नाशिकच्या माणसांचे काय, हा प्रश्न होता. त्यांनी ते प्रस्ताव नाकारले.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि धंदा आटला. कच्ची फिल्म महागली, कर्ज देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. या अडचणीच्या काळात फाळके यांनी लहान चित्रफिती काढल्या. त्यांपैकी एकीत चित्रपट कसे तयार होतात, हेच दाखवले आहे. आपली विद्या झाकून ठेवण्याची वृत्ती त्यांच्यापाशी नव्हती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

१९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. उपाहारगृहातून आलेल्या अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पुढे ते कॅमेराही चालवू लागले. चित्रपटाने एवढा गल्ला जमवला, की नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी यशाविषयी शंका नाही. कारण त्यानंतर भांडवलदार स्वतःहून फाळके यांच्याकडे येऊ लागले.

४.२.६ भागीदारी : दोन उद्दिष्टे

१ जानेवारी १९१८ रोजी नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट, माधवजी जयसिंग आदी भागीदारांनी भांडवल घातले. फाळके कामकाज पाहणारे भागीदार झाले. हळूहळू कंपनीतील माणसांची संख्या शंभराच्या घरात गेली. ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) हे चित्रपट अतिशय गाजले. दोहोंत बालकृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. पाण्याखालील कालियाशी झुंज, आकाशात वर जाणारा कृष्ण अशी दृश्ये त्यांनी कॅमेऱ्याच्या करामतींनी साधली. कलाभवनात शिकलेले साचेकाम, छायाचित्रण आणि जादू या सर्वांचा उपयोग येथे झाला. भरकटल्यासारखी वाटणारी वीस वर्षे वाया गेली नव्हती.

आणि याच वेळी कंपनीत कलह सुरू झाला. कारणे वरवर साधी होती : खर्च किती करावा, एका चित्रपटाला किती वेळ द्यावा, निर्णय कोणाचा असावा. भागीदारांचे म्हणणे असे, की पैसा आमचा आहे, तेव्हा खर्चाला आणि वेळेला मर्यादा हवी. फाळके यांचे म्हणणे असे, की चित्र मनासारखे झाल्याशिवाय ते बाहेर जाऊ नये.

येथे थोडे थांबून विचार करा. आपल्याकडील चरित्रलेखनाची रूढ पद्धत अशी, की कलावंताला नायक आणि भांडवलदाराला खलनायक करावे. तसे करणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. कंपनी ही पाच-सहा जणांची ठेव होती आणि शंभर कुटुंबे तिच्यावर चालत होती. हिशेब विचारण्याचा अधिकार भागीदारांना होता. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर ज्या गुणामुळे ‘लंकादहन’ चालला, तो गुण वेळ आणि पैसा मागणारच, हे त्यांनी भागीदारी करतानाच ओळखायला हवे होते. दोन्ही पक्षांना चांगले चित्रपट काढायचे होते, हे ध्येय समान होते. परंतु किती दिवसांत, किती रुपयांत, आणि चांगले म्हणजे काय, ही लक्ष्ये कधी एकत्र बसून ठरवली गेली नसावीत. वाटाण्याच्या रोपाने कर्ज देणाऱ्यांची खात्री पटवणाऱ्या माणसाला आपल्याच भागीदारांची खात्री पटवण्यासाठी तसे रोप पुन्हा लावता आले नाही.

फाळके यांनी राजीनामा दिला आणि ते सहकुटुंब काशीला गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. नाट्यसृष्टीतील दोषांवर त्यात टीका होती. नाटकाला अपेक्षित यश लाभले नाही. इकडे त्यांच्याविना कंपनीचेही बरे चालेना. काही काळाने ते परत आले. परंतु या वेळी भागीदार म्हणून नव्हे, तर पगारी निर्मितीप्रमुख म्हणून. ज्या कारखान्याचे नाव त्यांनी ठेवले, त्यात ते आता नोकर होते. चित्रपट निघत राहिले; त्यांची संख्या पुष्कळ मोठी आहे. तथापि पहिल्या वर्षांतील उमेद त्यांत फारशी उरली नव्हती.

४.२.७ अखेरची वर्षे

दरम्यान धंदा बदलत होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली होती आणि मुंबईत नव्या कंपन्या निघत होत्या. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. फाळके त्या वेळी ‘सेतुबंधन’ या मूकपटाच्या कामात गुंतले होते. तो १९३२ मध्ये प्रदर्शित झाला आणि नंतर त्याला आवाजाची जोड द्यावी लागली. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ हा बोलपट दिग्दर्शित केला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी नवे तंत्र शिकून त्यांनी तो पूर्ण केला, ही गोष्ट लहान नाही.

१९३९ मध्ये भारतीय चित्रपटसृष्टीचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हा त्यांचा गौरव करण्यात आला. त्यांची आर्थिक स्थिती मात्र हलाखीचीच राहिली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. चित्रपटक्षेत्रातील तो देशाचा सर्वोच्च सन्मान मानला जातो.

४.३ सारांश

विद्यार्थी मित्रहो, फाळके यशस्वी झाले की अयशस्वी? परीक्षेत असा प्रश्न आला, तर एका शब्दात उत्तर देऊ नका. ध्येयाच्या कसोटीवर पाहिले, तर ते पूर्णतः साधले. भारतीय माणसांनी भारतीय कथा पडद्यावर आणल्या आणि एक धंदा देशात रुजला. लक्ष्याच्या कसोटीवर पाहिले, तर १९१२ ते १९१९ हा काळ आदर्श आहे. प्रत्येक पायरी लहान, मोजलेली आणि पडताळलेली होती. उद्दिष्टाच्या कसोटीवर मात्र चित्र संमिश्र आहे. नट, तंत्रज्ञ, कुटुंबीय यांना ते आपले उद्दिष्ट दाखवू शकले, कारण त्यांच्याबरोबर ते एकाच छपराखाली राहत, तेच अन्न खात आणि तेच काम करत. भागीदारांना ते दाखवू शकले नाहीत, कारण त्यांच्याशी संबंध केवळ हिशेबाच्या वहीपुरता आला.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करत आहात. कोणाच्या हाताखाली दोन माणसे असतील, कोणाच्या वीस. मोठे ध्येय जरूर ठेवा. फाळके यांचे आयुष्य त्याविरुद्ध काही सांगत नाही. परंतु आपल्या ध्येयाची किंमत आपल्याबरोबर आणखी कोण मोजत आहे, हे अधूनमधून पाहत जा. त्या बंगल्यात उन्हात चादर धरून उभ्या असलेल्या बाईंना आपण कशासाठी उभ्या आहोत हे ठाऊक होते. तुमच्या माणसांना ते ठाऊक आहे काय, हा प्रश्न या घटकाने तुमच्या हाती द्यायचा आहे.

४.४ शब्दार्थ

व्युत्पन्न – शास्त्रात पारंगत, विद्वान.
आरेखक – नकाशे, आराखडे काढणारा.
शिळामुद्रण – दगडावर चित्र उमटवून त्यावरून छपाई करण्याची पद्धत.
मूकपट – आवाज नसलेला चित्रपट.
चौकट – फिल्मवरील एक सुटे चित्र.
प्रक्षेपण – यंत्राच्या साहाय्याने चित्र पडद्यावर पाडणे.
आख्यायिका – परंपरेने सांगितली जाणारी, पुरावा असेलच असे नाही अशी गोष्ट.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘ध्येय’, ‘लक्ष्य’ आणि ‘उद्दिष्ट’ या शब्दांतील भेद व्युत्पत्तीच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘अंकुराची वाढ’ या चित्रफितीचे फाळके यांच्या व्यवसायातील महत्त्व विशद करा.
३. ‘मंडळी’, ‘कंपनी’ आणि ‘कारखाना’ या शब्दांमधून कामाची कोणती निरनिराळी व्यवस्था सूचित होते?
४. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतील मतभेदांची मांडणी प्रथम फाळके यांच्या बाजूने आणि नंतर भागीदारांच्या बाजूने प्रत्येकी दहा ओळींत करा.
५. तुमच्या गावातील किंवा परिसरातील एखाद्या दिवंगत उद्योजकाचे चरित्र सुमारे दोन पानांत लिहा. त्या उद्योगात ज्यांचे नाव कोठेही नोंदले गेले नाही, अशा किमान एका व्यक्तीच्या कामाचा त्यात उल्लेख करा. मात्र ती व्यक्ती हयात असल्यास तिची अनुमती घ्या.